खणांच्या साडेचारशे थाळ्या

मी सरकारी खरेदीत आहे असं सांगितलं की बरीच माणसं आधी माझ्या हातातल्या बांगड्या बघतात, सोन्याच्या आहेत का म्हणून. उरलेली, म्हणजे नात्यातल्या बायका, विचारतात, "म्हणजे दिवसभर काय काय घेत असतेस?" माझ्या मावशीची तर बरीच वर्षं समजूत होती की मी साहेबांच्या बायकांचा बाजारहाट करते. शेवटी एकदा तिला बसवून सगळं सांगितलं. शाळेला चादरी हव्या असल्या तर त्या नेमक्या कशा हव्यात ते लिहायचं, पोर्टलवर दर मागवायचे, आलेल्यांतून नियमाने निवड करायची, माल आला की तपासून मोजून घ्यायचा. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंजे बाजारच की गो."

बाजारच. फक्त तो दुसऱ्याच्या घरासाठी करायचा असतो, आणि त्या घरातलं कुणी आपल्याबरोबर पिशवी घेऊन येत नाही.

हल्ली आमच्या शाखेत दरवर्षी एकदोन पदवीधर मुलंमुली नव्याने रुजू होतात. हुशार असतात. पोर्टल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "मॅडम, या लाइनमध्ये पुढे जायचं तर कुठला कोर्स करू?" मी कोर्स सांगते, विभागीय परीक्षेची पुस्तकं देते. मग खालच्या कपाटातून एक स्टीलची थाळी काढून त्यांच्यापुढे ठेवते. पाच खणांची, अजून लखलखीत. मागे लाखेचं सील आणि माझी सही. त्यांना वाटतं मॅडमना जेवायची वेळ झाली.

त्या थाळीची ही हकिगत आहे. ती सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते, पण सांगायची टाळत नाही.

माझं घर शहापूर तालुक्यात, तानसाच्या रस्त्याला. बी.कॉम. शहापूरलाच झालं. पुढे स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी एक वर्ष ठाण्याला मुलींच्या होस्टेलवर राहिले. तिथल्या मेसमध्ये खणांच्या थाळ्या होत्या. एका खणात भाजी, एकात आमटी, एकात कोशिंबीर, एका कोपऱ्यात चिमूटभर भात. पहिल्याच दिवशी मी आमच्याकडच्या सवयीने सगळा भात मोठ्या खणात घेतला, वरून आमटी ओतली आणि हाताने कालवायला लागले. आमटी भाजीत गेली, भाजी कोशिंबिरीत. समोरची मुलगी म्हणाली, "अगं, भात कालवतेयस की सिमेंट?" सगळं टेबल हसलं. मीही हसले. मग खोलीवर जाऊन रडले. त्यानंतर वर्षभर मी बोटांच्या टोकांनी, किंवा चमच्याने, थोडं थोडं, एकेका खणातलं खायला शिकले. घरी सुट्टीला गेले की आई म्हणायची, "चिमनीवानी काय खातंस?"

परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली. एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत नेमणूक झाली. आमच्या कार्यालयाकडे शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडच्या काही निवासी आश्रमशाळा होत्या आणि त्यांना लागणारं सगळं सामान आमच्या शाखेतून जायचं. आईने विहारात पेढे वाटले. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ, तो नीट पार पडला की कायम, हे मी तिला समजावून सांगितलं होतं, पण तिने गावभर सांगताना मधला भाग गाळला. "पोरगी पर्मनंट झाली," एवढंच सांगितलं.

भांडार शाखा म्हणजे कार्यालयाच्या मागची लांबट खोली. तिथे गाद्यांच्या कापसाचा, फिनेलचा आणि गोणपाटाचा मिळून एक वास असे. त्या वासात बसून तीस वर्षं काढलेले आमचे भांडारपाल मुरबाडकडच्या शेतकरी घरातले. सगळे त्यांना काका म्हणायचे, साहेबसुद्धा. चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला आणि बोलणं अगदी गावचं. त्यांची एक पद्धत होती. पुरवठादाराकडून ते प्रत्येक वस्तूचे दोन नमुने मागायचे. एकाला सील लावून कपाटात ठेवायचे, तो नियमाप्रमाणे. दुसरा त्यांचा. "येक कपाटाला, येक कामाला," म्हणायचे. कामाचा नमुना ते खरोखर कामाला लावायचे. बादली असली तर त्यात पाणी भरून स्वतः अंगणातून फिरवायचे. चादर घरी नेऊन आठवडाभर रोज धुवायला लावायचे. एकदा गुलाबी शर्ट घालून ऑफिसला आले. आम्ही म्हटलं, काका, आज काय विशेष? तर म्हणाले, "काय नाय, चादर नापास झाली." त्यांचा पांढरा शर्ट तिच्याबरोबर धुतला गेला होता.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं अडाणीपणाचं. मी तीन महिन्यांत पोर्टल शिकले होते. टिपणी कशी मांडायची, तुलनात्मक तक्ता कसा करायचा, कुठल्या रकमेला कुणाची मान्यता लागते, सगळं मला तोंडपाठ होतं. काकांना पासवर्ड आठवत नसे. तो मी टाकायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. नाक फार वर होतं तेव्हा माझं.

माझं दुसरं वर्ष चालू असताना काकांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं ठरली, एकापाठोपाठ. ते तीन महिन्यांच्या रजेवर गेले आणि त्याच आठवड्यात सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या एका आश्रमशाळेचं मागणीपत्र आलं. जुन्या थाळ्या झिजल्यात, काठ हाताला कापतात, साडेचारशे नवीन हव्यात.

माझी एकटीची पहिली खरेदी. मी वस्तूचं वर्णन लिहायला बसले. आमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. स्टील कसलं, जाडी किती, काठ वळवलेले, हे मी पटापट लिहिलं. मग थांबले. आमच्या मुलांनी नेहमी साध्या ताटातच का जेवायचं? ठाण्याच्या मुलींनी खणांच्या थाळीत जेवायचं आणि डोंगरातल्या मुलांनी नाही, हे कुणी ठरवलं? मी लिहिलं: पाच खणांची थाळी. कारणाच्या रकान्यात लिहिलं: "अन्नपदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत व जेवणाची शिस्त लागते." हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला ते फार आवडलं.

ज्याचा दर सगळ्यात कमी आला तो भिवंडीकडचा तरुण पुरवठादार होता. माणूस सरळ. नमुना घेऊन आला, मी सील लावलं, सही केली. तो घुटमळला. "मॅडम, दुसरा नमुना ठेवू का? काका नेहमी वापरून बघतात."

मी म्हटलं, "थाळीत काय वापरून बघायचं?"

तो म्हणाला, "बरोबर आहे," आणि दुसरी थाळी परत पिशवीत घातली. ही पिशवीत जाणारी थाळी मला अजून दिसते.

माल वेळेत आला. मोजणी बरोबर, जाडी बरोबर, एकही थाळी वाकडी नाही. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुख, भांडारात येऊन बघून गेल्या. "पहिल्यांदा काहीतरी वेगळं घेतलंय कुणीतरी," म्हणाल्या. ऑफिसच्या ग्रुपवर थाळ्यांचा फोटो पडला, त्याखाली लाइकच्या अंगठ्यांची रांग लागली. माझ्या परिवीक्षेचा अहवाल दोन महिन्यांवर आला होता. मला वाटलं, झालं, आता कायम.

महिन्याभराने साठा पडताळणीसाठी मी त्या शाळेवर गेले. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाड, तिथून म्हसा गावाच्या पुढे आत, दोन गाड्या बदलून आणि शेवटचा तुकडा एका मास्तरांच्या मोटारसायकलवर. पोचले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. व्हरांड्यात मुलं पंगतीने बसली होती आणि प्रत्येकापुढे माझी थाळी. ऊन तिरपं येऊन सगळी पंगत चमकत होती. मला भरून आलं. मी मोबाइल काढून फोटो घेतला.

मग वाढणं सुरू झालं. स्वयंपाकीण बाई जवळच्याच वाडीतली, पन्नाशीची, नऊवारी वर खोचलेली. वाडग्याने भात घालत चालली होती. आमच्या पट्ट्यात जेवण म्हणजे भात. ताटात भाताचा ढीग घालायचा, त्याला मधोमध बोटांनी आळं करायचं, त्यात आमटी ओतायची आणि कडेने कालवत खायचं. बाईचा वाडगा जुन्या ताटांच्या हिशेबाचा. तो या थाळीच्या मोठ्या खणात अर्धासुद्धा मावत नव्हता. भात पडला की लगेच खण भरायचा, आळ्याला जागाच उरायची नाही. आमटी वरून घातली की ती घरंगळून बाकीच्या चार खणांत जायची आणि भात कोरडाच राहायचा. मुलं त्या छोट्या खणांतून आमटी बोटांनी निपटून भाताकडे आणायचा प्रयत्न करत होती. खणांचे कोपरे त्यांच्या बोटांना अडत होते.

पहिला भात दोन मिनिटांत संपला. मोठी मुलं उठून पुन्हा रांगेला लागली. धाकटी, पहिली-दुसरीची, त्यांच्या मागे. मोठ्यांचं दुसऱ्यांदा झालं, काहींचं तिसऱ्यांदा, तोवर रांग पुढे सरकेना. घंटा झाली. मास्तरांनी "चला, चला" केलं. मागची दहाबारा लहान मुलं तशीच थाळ्या धुवायला नळाकडे वळली. कुणी रडलं नाही, कुणी काही मागितलं नाही. एक झिपरी पोर थाळीच्या एका खणात अडकलेलं शीत नखाने काढत चालली होती. ते तिने तोंडात टाकलं आणि थाळी नळाखाली धरली.

मी बाईंना विचारलं, "रोज असंच होतं?"

"रोज. तरी मी म्हंते मास्तरांना, बारक्यांना आदी बसवा. त्ये म्हंतात टाइमटेबल हाय." तिने पातेलं कलतं करून दाखवलं. तळाला भात शिल्लक होता. "भात सरत नाय बाय, टाइम सरतो. ज्यानं कुनी ही थाळी धाडली ना, त्याला येक दिस आमच्या बारक्यांच्या पंगतीला बसवा."

मी त्या वेळी म्हणायला हवं होतं की मी धाडली. मी मान खाली घातली आणि रजिस्टरवर लिहिलं: थाळ्या साडेचारशे, सुस्थितीत, वापरात. एकही शब्द खोटा नव्हता.

निघताना एवढं मात्र केलं, मुख्याध्यापकांना गाठून लहानांची पंगत आधी बसवायला सांगितलं. ते बिचारे भले होते, लगेच कबूल झाले. पण मग मोठ्यांचा दुपारचा पहिला तास बुडणार, हेही त्यांनी बोलून दाखवलं. ते खरंच होतं. जास्तीची एक थाळी मी बॅगेत घातली, पावती करून, आणि घरी आले.

घरी आईपुढे थाळी ठेवली. "आज यात वाढ," म्हटलं. तिने ती उलटसुलट करून बघितली, नखाने वाजवली. "चांगली जाड हाय." मग सुकटीचं कालवण आणि भात घेऊन बसली आणि वाढायला गेली. हात हवेतच थांबला.

"भात कुटं घालू?"

"मोठ्या खणात."

तिने घातला. मग कालवणाची पळी घेऊन माझ्याकडे बघत राहिली. "आनि ह्ये?" तिने घातलं, ते सगळीकडे पसरलं. आई हसायला लागली. "अगो, ही तर चटन्यांची थाळी. मानूस जेवल कसा हिच्यात? कुनी घेतली ही, कुनी शहरातल्यानं?"

"मी घेतली," मी म्हटलं, आणि होस्टेलच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा जेवताना रडले. आईचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिने थाळी माझ्यापुढून उचलली, ताट आणलं, भात त्यात ओतला, आळं केलं आणि मला लहानपणी कालवून द्यायची तसं कालवून दिलं.

मला राग आला होता तो स्वतःचाच. खणांत भात मावत नाही हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? ज्या थाळीने मला वर्षभर चिमणीसारखं खायला लावलं, तीच थाळी मी साडेचारशे मुलांना पाठवली होती, त्यांच्या भल्यासाठी. खरंतर त्यांच्यासाठी नव्हेच, त्या टेबलावर हसणाऱ्या मुलींना दाखवण्यासाठी.

आता नियम असा होता. थाळीचं आयुष्य ठरलेलं असतं, बरीच वर्षं. त्याआधी त्याच शाळेला त्याच वस्तूची खरेदी होत नाही. जुन्या थाळ्या निकाली निघून मोडीत गेल्या होत्या. नवीन ताटं घ्यायची तर एकच वाट होती: वस्तूचं वर्णनच चुकलं असं लेखी द्यायचं, आणि ज्याने वर्णन केलं त्याने ती चूक स्वीकारायची. तो कागद माझ्या परिवीक्षेच्या फाइलला लागणार होता, आणि अहवाल पुढच्याच महिन्यात. गप्प बसले असते तर कायम झाले असते. रोज दुपारी कुणीतरी अर्धपोटी उठलं असतं, नाहीतर कुणाचा तरी तास बुडाला असता, बस.

मी दहा दिवस गप्प बसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण दहा दिवस.

अकराव्या दिवशी काका कामावर आले. डोळ्यांवर काळा चष्मा. वाचायच्या चष्म्याचा नंबर अजून मिळाला नव्हता, त्यामुळे कागद त्यांना धुरकट दिसायचे. मी चहा मागवला आणि सगळं सांगितलं. नमुना परत पाठवला तेही. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"माजी पोरगी तितंच शिकली," म्हणाले. "त्याच शाळंत." मला हे माहीत नव्हतं. मग म्हणाले, "माज्या नावावर लिव."

"काय?"

"शाखेचा भांडारपाल मी हाय. रजेवर असलो तरी कारभार माजा. लिव, वर्नन मी सांगितलं फोनवर, चुकलं. तुजी सुरुवात हाय, माजे चार म्हैने उरल्यात. मला काय करनार हायत?"

खोटं कशाला सांगू? मला ते हवं होतं. मनात म्हटलं, त्यांनीच सुचवलंय, मी कुठे मागितलं? त्यांच्या निवृत्तीच्या कागदांवर एक शेरा पडला की सगळं अडकून राहतं, हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी मी टिपणी टाइप केली, त्यांच्या नावाने. छापली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, डाव्या हाताच्या बोटांनी कागदाचा खालचा भाग चाचपला आणि म्हणाले, "कुटं करू सही? जागा दाव."

ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर एक बादली घेतली नाही, तो न वाचता सही करायला बसला होता, कारण कागद मी आणला होता. मी बोट ठेवलं असतं तिथे त्यांनी सही केली असती. मला बोट पुढे नेता येईना. मी कागद ओढून घेतला. पेनची रेघ आडवी गेली त्यावर.

"काय गो, काय झाला?"

"चूक राहिलीय एक," म्हटलं. "परत टाइप करते."

परत टाइप केलं ते माझ्या नावाने. शेवटी लिहिलं की वस्तू वापरून न बघता निवडली, आणि लहान मुलांचं जेवण अपुरं राहत असल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. "जेवणाची शिस्त लागते" हे माझंच वाक्य अवतरणात घालून ते चुकीचं असल्याचं लिहिलं. मग काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी काळा चष्मा काढून डोळ्यांचं पाणी टिपलं. ते औषधाचं असेल, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही.

मोठ्या मॅडमनी कागद वाचला आणि आधी चिडल्याच. "हे तोंडी सांगितलं असतंस तर?" म्हणाल्या. तोंडी सांगून ताटं येत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरेदीला मान्यता दिली, आणि माझी परिवीक्षा सहा महिन्यांनी वाढवली. दोन्ही सह्या एकाच दिवशीच्या. मला त्यांचा राग नाही. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं, बहुतेक थोडं जास्तच.

घरी आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं, कारण तिने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "सा म्हैने ना? तवर येक भाताचं पीक निंगतं," म्हणाली, आणि कुणाला काही सांगू नको असंही म्हणाली नाही.

खणांच्या थाळ्या आमच्या प्रशिक्षण हॉलला लावल्या गेल्या. म्हणजे बैठक असली की साहेब लोक त्यात जेवतात, आणि मीही. माझी चूक मला आजवर कितीदा वाढली गेली असेल, मोजलेलं नाही.

या खेपेला मी दोन नमुने मागवले. भिवंडीच्या त्या तरुणाचाच दर पुन्हा कमी आला. त्याने एक ताट टेबलावर ठेवलं आणि दुसरं न विचारता बाजूला काढून दिलं. खोल ताट, उभ्या काठाचं. कामाचं ताट मी काकांबरोबर घेऊन गेले त्यांच्या घरी, आणि आम्ही दोघांनी त्यात आळीपाळीने जेवून बघितलं. काका म्हणाले, "काठ बोटभर वर घे. बारक्यांच्या हातनं आमटी सांडते." बोटभर वर घेतला.

ताटं शाळेत पोचली त्या दिवशी मी आणि काका दोघं गेलो. काकांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा. गठ्ठे सोडले, मोजणी झाली, मी पोचपावतीचा कागद काढला. स्वयंपाकीण बाई पदराला हात पुसत आली. "सही मागनं," म्हणाली. "आदी जेवा."

तिने मला बारक्यांच्या पंगतीला बसवलं. एका बाजूला काका, एका बाजूला तीच झिपरी पोर. भाताचा वाडगा आला, ताटात पालथा झाला, आणि पूर्ण मावला. पोरीने बोटांनी आळं केलं. आमटी आली, आळ्यात थांबली. एक थेंब कुठे गेला नाही. पोर माझ्याकडे बघत होती, ही ऑफिसातली बाई कशी जेवते ते. मी बाही वर केली, पाची बोटं भातात घातली आणि मनगटापर्यंत हात भरेल असा भात कालवला. ती हसली आणि आपलं आळं फोडून खायला लागली. कुणी उठलं नाही. घंटा व्हायच्या आत सगळ्या पंगतीची पोटं भरली होती.

बाई वाढत वाढत माझ्यापुढे आली आणि थांबली.

"बाई," मी म्हटलं, "ती आधीची थाळी धाडणारी मीच."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "त्या दिशी फोटो काढलास तवा हासत व्हतीस, आनि मी बोलल्याव मान खाली घातलीस. म्या म्हनलं, हिचीच हाय."

तिने वाडगा पुन्हा भातात बुडवला.

"आलीस ना पंगतीला? मंग घे. पोटभर जेव."